उभ्या गाडीची भूक

गोव्यात गाड्या उदंड आणि अंतरं तोकडी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या दर शंभरांतल्या ४५ घरांकडे चारचाकी निघाली. देशभराचा आकडा आठाच्या आत होता. आणि राज्य केवढं, तर ३,७०२ चौरस किलोमीटर. शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा याहून मोठा. एवढ्याशा जागेत एवढ्या गाड्या धावून धावून धावणार किती? बाजार, शाळा, देऊळ, बँक, झालंच तर पणजीतलं एखादं काम. उरलेला सगळा वेळ त्या पोर्चमध्ये, फणसाखाली नाहीतर रस्त्याच्या कडेला उभ्या असतात.

त्यात उभ्या गाड्यांची एक खास गोवेकर जात आहे. घरातला कर्ता माणूस बोटीवर, कुणी आखातात, कुणी इंग्लंडात, आणि गाडी निळ्या ताडपत्रीखाली. तारवटी माणूस सहा-आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट संपवून घरी येतो तेव्हा त्याला पहिल्या सकाळपासून गाडी हवी असते. सुट्टी मोजकी आणि कामं ढीगभर: सासुरवाडी, कुलदेवतेचं दर्शन, बँक, कुणाचं बारसं, कुणाच्या घरी राहून गेलेली मातमपुर्सी. तो ताडपत्री ओढतो, चावी फिरवतो आणि बॉनेटखालून नुसतं टक् टक् टक् ऐकू येतं. सेल्फ घेतच नाही. मग शेजाऱ्याची जीप येते, जंपर केबल येतात आणि केबलच्या आधी वाड्यावरच्या सगळ्यांचे सल्ले येतात.

फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर या सल्ल्यांचा सूर ठरलेला असतो. गाडी आठवड्यातून एकदा चालू करून ठेवायला हवी होती, म्हणजे ही वेळ आली नसती. माझं मत याच्या अगदी उलट आहे आणि त्यावरून मी बऱ्याच जणांशी हुज्जत घातली आहे. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवल्यानं बॅटरीचं काहीही भलं होत नाही. आपल्या मनाचं समाधान होतं, एवढंच.

माझा चुलतभाऊ क्रूझ जहाजावर असतो. तो नसताना वहिनी दर रविवारी पूजा आटोपली की गाडी चालू करायची. एसी लावायची, गाणी लावायची, आरशाला लागलेली जळमटं पुसायची आणि पाच-सात मिनिटांनी गाडी बंद करून ताडपत्री ओढायची. एकदा मी तिला म्हटलं, "वहिनी, यानं बॅटरी भरत नाही. उलट थोडी थोडी उतरतेच."

"असं कसं रे? इंजिन चालू असलं की चार्ज होतेच ना? ह्यांनीच सांगून ठेवलंय तसं."

ह्यांचं अर्धं बरोबर होतं. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर शे-दीडशे अँपिअर ओढते, मोठ्या डिझेल गाडीत त्याहूनही जास्त. आकडा ऐकून छाती दडपते, पण हे ओढणं दोन-तीन सेकंदांचं. दीडशे अँपिअर तीन सेकंद म्हणजे हिशेबाला ०.१२५ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे ढोबळमानानं एक अँपिअर ओढला तर ३५ तास पुरणारी. तेव्हा एका स्टार्टनं बॅटरी खाली होते हा समज काही खरा नाही. गाडी मोकळ्या रस्त्यावर धावली तर तेवढा खर्च काही मिनिटांत भरूनही निघतो. अडचण पुढे आहे. गाडी जागच्या जागी ठेवून इंजिन नुसतं आयडलिंगला असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, पूर्ण ताकदीनं वीज देत नाही. त्यातून एसीचा ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा, म्युझिक सिस्टिम आपापला वाटा उचलतात. उरलं तर बॅटरीला. आणि बॅटरीसुद्धा दिलं तेवढं लगेच घेते असं नाही. उतरलेली बॅटरी सुरुवातीला भराभर भरते, पण शेवटचे वीसेक टक्के ती इतक्या सावकाश घेते की त्याला तास लागतात. रविवारच्या पाच मिनिटांत स्टार्टचा खर्च निघाला तरी पुष्कळ झालं. आधीच्या सहा दिवसांत उभ्या उभ्या जे गेलं, त्याला हातही लागत नाही.

उभ्या उभ्या काय जातं, हे बहुतेकांना पटत नाही. चावी काढली, दारं लावली, मग वीज खातंय कोण? खाणारे पुष्कळ असतात. घड्याळ, अलार्म, रिमोटच्या बटणाची वाट बघत बसलेला रिसीव्हर, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी. सगळे मिळून चांगल्या स्थितीतल्या गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर खातात. ३० धरा. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाला जरा कमी, महिन्याला एकवीस-बावीस. म्हणजे ३५ची बॅटरी एका महिन्यात निम्म्याहून जास्त खाली आणि दीड महिन्यात सपाट. शिवाय बॅटरी आपली आपणही थोडीशी उतरत असते, उकाड्यात जरा जास्तच. सहा महिने बोटीवर गेलेल्या माणसाची गाडी परतल्यावर चालू झाली, तर नवल त्याचं करायला हवं.

हे झालं सगळं ठाकठीक असताना. आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांची गाडी चार दिवस उभी राहिली तरी पाचव्या दिवशी धक्का मारावा लागायचा. एकामागून एक दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. शेवटी एका दुपारी आम्ही दोघं मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचा हातातला मीटर, घेऊन बसलो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवायची आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडायचा, दहा अँपिअरच्या खाचेत. दाराचा खटका स्क्रूड्रायव्हरनं दाबून दार बंद असल्याचं गाडीला भासवायचं, नाहीतर आतला दिवाच मोजला जातो. मग अर्धा तास हात न लावता थांबायचं, कारण हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना चुकूनही चावी फिरवायची नाही. फिरवली तर मीटरचा फ्यूज उडतो. मास्तरांकडे चहा झाला, शाळेतल्या राजकारणावर बोलून झालं, तरी आकडा साडेतीनशे मिलिअँपिअरच्या खाली येईना. मग एकेक फ्यूज काढत गेलो. मागच्या बाजूच्या चार्जिंग सॉकेटचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन पस्तिसावर आला. त्या वायरला डॅशकॅम जोडलेला होता. ॲक्सेसरीजच्या दुकानात बसवून घेतलेला, आणि बसवणाऱ्यानं तो चावीच्या आड न जोडता थेट चालू लाइनला जोडून टाकलेला. मास्तर शाळेत शिकवत असताना, घरी झोपलेले असताना, रात्रंदिवस तो कॅमेरा समोरच्या कंपाउंडच्या भिंतीचं शूटिंग करत होता.

दोन बॅटऱ्यांचे पैसे त्या भिंतीवर गेले. ट्रॅकर, डॅशकॅम, पायाखालचे निळे दिवे, असलं काही बसवून घेतलंत तर वायर कुठे जोडली हे उभं राहून बघा. बघायची लाज वाटू देऊ नका.

उसगावला एक बॅटरीवाला आहे, साठीच्या पुढचा. खाणींचे ट्रक हे त्याचं खरं गिऱ्हाईक. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, आधी सरकारच्या आदेशानं आणि लगेच सर्वोच्च न्यायालयाच्या. पुढे त्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. दोन्ही वेळा डिचोली, साखळी, धारबांदोडा या पट्ट्यात टिपर ट्रक घरांपुढे ओळीनं उभे राहिले. हप्ते थकले, ताडपत्र्या फाटल्या. त्या दिवसांत लोक त्याच्याकडे ट्रकच्या जड बॅटऱ्या दोघांनी उचलून आणायचे. ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून चोवीस व्होल्ट करतात. उभं राहून दोन्ही बसायच्या आणि पैशाची ओढाताण म्हणून लोक एकच बदलायला बघायचे. तो नकार द्यायचा. जुनी आणि नवी एकत्र जोडली की दोघींचं चार्जिंग जुळत नाही, आणि नवीही लवकर जाते. माणसं चिडायची. याला धंदा करायचाय, म्हणायची.

आणलेली बॅटरी मेली म्हणून कुणी सांगितलं की तो हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजायची नळी, बुडवून बघतो आणि त्याचं ठरलेलं उत्तर देतो, "ती मरूंक ना, उपाशी आसा." उपाशी असेल तर भरता येते. पण फार दिवस उपाशी राहिली तर पोटच आक्रसतं, मग दिलेलं अन्न जात नाही. बॅटरीच्या रसायनशास्त्राचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

ते रसायनशास्त्र जुनं आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी केली. आज आपल्या गाडीत आहे ती मुळात तीच. काळ्या प्लास्टिकच्या डब्यात सहा कप्पे, दर कप्प्यात साधारण २.१ व्होल्ट, सहा मिळून १२.६. पॉझिटिव्ह पट्टीवर शिशाचं चॉकलेटी डायऑक्साइड, निगेटिव्हवर स्पंजासारखं राखाडी शिसं, आणि दोन्ही गंधकाम्लाच्या पाण्यात बुडालेल्या. वीज बाहेर पडताना आम्लातला सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज करताना सल्फेट पट्ट्या सोडून परत आम्लात येतो. म्हणून हायड्रोमीटर. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या आम्लाची घनता १.२६५ ते १.२८ असते, उतरलेल्या बॅटरीत ती पाण्याच्या दिशेनं सरकते.

उभी गाडी इथेच मार खाते. पट्टीवर नुकताच बसलेला सल्फेट मऊ, बारीक असतो आणि चार्जिंगनं सहज सुटतो. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट उतरलेली राहिली तर त्याचे मोठे टणक स्फटिक होतात. ते मग सुटत नाहीत. तेवढा पट्टीचा भाग कायमचा निकामी. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अशी हळूहळू तीसची, वीसची होते, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. बाजारात सल्फेट काढून टाकण्याची औषधं आणि यंत्रं मिळतात. त्यांच्या नादाला मी लागत नाही. चांगल्या चार्जरवर सावकाश भरूनही जी सुधारत नाही, तिच्यावर आणखी पैसे घालायचे कशाला?

पूर्ण खाली होणंच वाईट, असंही समजू नये. रोज फोंडा बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणारी, पावसाळ्यात वायपर, दिवे, काचेवरचं बाष्प घालवणारा ब्लोअर असं सगळं चालू ठेवून धावणारी गाडी कधीच पूर्ण भरत नाही. ती सदानकदा पाऊण पोटावर राहते. दिवाडीच्या फेरीबोटीसाठी धक्क्यावर रांगेत इंजिन बंद करून गाणी, पंखा आणि पार्किंगचे दिवे चालू ठेवणाऱ्यांची तीच गत.

हे सगळं वहिनीला सांगण्यापेक्षा मी तिच्या हातात मल्टिमीटर दिला. काहीशे रुपयांची वस्तू, पण घरात गाडी असेल तर टायरमधली हवा बघण्याइतकीच गरजेची. मोजायचं सकाळी, गाडी चालू करण्याआधी. चालवून आल्या आल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि खोटं समाधान मिळतं; मधे एक रात्र जाऊ द्यावी. वीस व्होल्टच्या खाचेवर मीटर ठेवून लाल पिन पॉझिटिव्हला आणि काळी निगेटिव्हला टेकवायची. १२.६ किंवा जास्त म्हणजे पोटभर. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ला निम्मी उरली. १२ला आली की पाव, आणि तिच्याकडे त्याच दिवशी बघायला हवं. इंजिन चालू करून मोजलं तर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट नाहीतर जोडण्यांत गोम आहे. वर जात असेल तर बॅटरीतलं पाणी उकळून जातंय.

वहिनी आकडे कालनिर्णयावर लिहू लागली, दुधाच्या खाड्यांशेजारी. एकादशी, दूध दीड लिटर, १२.४१. पुढच्या रविवारी १२.३६. गाडी दर रविवारी पाच मिनिटं चालू होतीच, तरी आकडा पायरी पायरीनं खालीच. महिन्याचं पान उलटायच्या आत तिनं स्वतःच ते नेम म्हणून चालू करणं बंद केलं. भावाला तिनं व्हॉट्सॲपवर कॅलेंडराचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता.

मग करायचं काय? सगळ्यात चांगलं म्हणजे गाडी चालवणं, पण चालवायची तर मनापासून. दोन आठवड्यांतून एकदा फोंड्याहून म्हार्दोळ, कुंडई, बाणस्तारीवरून जुने गोव्यापर्यंत जाऊन परत. तास-सव्वा तासाची फेरी. इंजिन नीट तापतं, सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी उडून जातं, ब्रेकवरचा गंज घासून निघतो, टायर एकाच जागी चपटे होत नाहीत. नुसत्या आयडलिंगनं यातलं काहीच होत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. मात्र ही फेरीही बॅटरीला पूर्ण भरते असं नाही. उतरत जाणं थांबवते.

चालवणारं कुणी नसेल तर चार्जर. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास प्रवाह देणारा, म्हणजे ३५ला साडेतीन-चार अँपिअर, आणि भरल्यावर आपोआप कमी होणारा. तसला स्मार्ट चार्जर महिन्यातून एक रात्र लावला तरी बॅटरीचं आयुष्य कितीतरी वाढतं. चार्ज करताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली मोकळी हवी आणि जवळ समई, उदबत्ती काही नको. आधी चार्जरचे चिमटे लावायचे, मग भिंतीवरचं बटण, काढताना उलट. ठिणगी आणि हायड्रोजन यांची गाठ पडू द्यायची नाही. बॅटरी फुटून तोंडावर आम्ल उडालेली माणसं बॅटरीवाल्यांच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतात.

आणि चार्जरही नको असेल, तर निगेटिव्ह वायर काढून ठेवायची. उभ्या उभ्या होणारा खर्च एका पान्यानं बंद. घड्याळ चुकतं, रेडिओवर जमवलेली स्टेशनं जातात, काही गाड्यांत कोड मागतात, काचेचं एका दाबात वर जाणं पुन्हा शिकवावं लागतं, आणि पहिले काही किलोमीटर इंजिन जरा अडखळतं. एवढंच. बोटीवर जाणाऱ्या माणसाला मी हाच उपाय सांगतो: जाण्याआधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, वायर काढा, टोकाला कापड गुंडाळा आणि खुशाल जा. एक भानगड तेवढी आहे. काही गाड्यांचं मागचं दार विजेवरच उघडतं, तेव्हा चार्जर डिकीत कोंडून जाऊ नये. आणि बॅटरी सोडवून घरात ठेवणार असाल तर ती सिमेंटच्या जमिनीवर उतरते म्हणून खाली फळी घालायची काही गरज नाही. जुन्या काळच्या लाकडी आणि रबरी पेट्यांबाबत तो सल्ला ठीक होता. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला जमीन आणि फळी सारखीच. आमच्याकडे तरीही फळी घालतात. मीही घालतो, घरात वाद नको.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की यातून सुटलो असं कुणाला वाटत असेल तर तेही नाही. त्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असतेच. ती बसली तर मोठी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

उन्हाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. बॅटरीचा खरा शत्रू थंडी, असं युरोप-अमेरिकेकडचे लोक सांगतात, कारण तिकडे बॅटऱ्या हिवाळ्यात दगा देतात. घाव मात्र उन्हाळ्यातलाच असतो. थंडीनं तो उघडा पडतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. पॉझिटिव्ह पट्टीची जाळी कुजत जाते, पाणी उडतं, पट्टीवरचा माल सुटून तळाशी गाळ होतो आणि एखाद्या दिवशी कप्पा शॉर्ट होतो. आपल्याकडे बारा महिने उकाडा. एप्रिल-मेमध्ये पणजीच्या उघड्या पार्किंगमध्ये बॉनेटवर हात टेकवत नाही, तर आतलं काय सांगावं. आणि उकाड्याचा दुसरा कावेबाजपणा असा की तो दुबळी बॅटरी झाकून ठेवतो. गरम इंजिनातलं तेल पातळ असतं, स्टार्टरला जोर कमी लागतो, बॅटरीही उष्णतेत चटकन प्रवाह देते. म्हणून गोव्यात बॅटरी खोकत-कण्हत जात नाही. काल संध्याकाळी ठणठणीत होती आणि आज सकाळी गेली, असंच सगळे सांगतात. तीन ते पाच वर्षं हे तिचं इथलं आयुष्य. तीन झाली की वर्षातून दोनदा दुकानात लोड टेस्ट करून घ्यावी. नुसता व्होल्टेजचा आकडा अशा वेळी फसवतो; भार टाकल्यावर ती किती खाली येते ते बघायचं असतं.

सावली मिळाली तर घ्या. माडाखाली मात्र कुणी गाडी लावत नाही, त्याचं कारण बॅटरी नव्हे. काही गाड्यांत बॅटरीभोवती एक जाड काळा कोट असतो, इंजिनाची धग लागू नये म्हणून. बॅटरी बदलताना बसवणारा पोरगा तो हटकून बाजूला टाकतो. परत मागून घ्या.

उकाड्याखालोखाल आपली दमट खारी हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेल्या दिवसांत समुद्राचं वारं. मिरामार, कळंगुट, कोलव्याकडच्या गाड्यांची टर्मिनलं बघा. पांढरी-हिरवट भुकटी कोबीच्या फुलासारखी वर आलेली असते. ही भुकटी वीज अडवते. बॅटरी भरलेली असूनही स्टार्टरपर्यंत जोर पोचत नाही, आणि चार्जिंगही नीट होत नाही. अशा कितीतरी बॅटऱ्या विनाकारण बदलल्या जातात. आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर तिथेच वेल्डिंग होतं. हातातली अंगठी, कडं आधी उतरवून ठेवा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशानं ते टर्मिनलवर घासलं की फेस येतो. फेस थांबला की आम्ल संपलं. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. कोरडं करून आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, घट्ट आवळायचं आणि मग वरून व्हॅसलिनचा हात. व्हॅसलिन आधी नाही. धातूला धातू भिडला पाहिजे. बॅटरी धरून ठेवणारी पट्टीही तेव्हाच आवळून घ्या. खड्ड्यांतून उड्या मारणारी सैल बॅटरी आतल्या पट्ट्या झाडून टाकते, आणि पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांबद्दल मी काय सांगावं.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर दोन-तीन महिन्यांनी पाणी बघावं. पट्ट्या बुडालेल्या हव्यात. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, आणि ते शक्यतो चार्ज करून झाल्यावर, नाहीतर फुगून बाहेर येतं. नळाचं, विहिरीचं नको. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्धच असतं म्हणून बाटल्या भरून ठेवणारे सद्गृहस्थ प्रत्येक वाड्यावर असतात. त्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेले असतात. आम्ल तर कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, आम्ल आतच असतं. मेंटेनन्स-फ्री बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर भिस्त ठेवू नका. तो सहा कप्प्यांपैकी एकाच कप्प्याची खबर देतो.

नवी घेताना डब्यावरची तयार झाल्याची तारीख बघा. दुकानाच्या मांडणीवर बसलेली बॅटरीही उतरतच असते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला साधी बॅटरी बसवून घेऊ नका, त्या गाडीसाठी वेगळ्या जातीची येते. वॉरंटीतले किती महिने फुकट बदली आणि किती महिने प्रमाणात सूट, हे तोंडी नको, कार्डावर लिहून आणि शिक्का मारून घ्या.

जुनी बॅटरी दुकानात परत दिली की तिची किंमत नव्या बिलातून वळती होते. भंगारवाला थोडे जास्त देतो म्हणून लोक त्याला देतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट वासलात लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, आणि दुकानातून गेलेली बॅटरी त्या वाटेला लागण्याची शक्यता तरी असते. शिसं कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येतं. भंगारवाल्याला शिशाशीच मतलब, आम्ल त्याला ओझं. आमच्याकडे फिरणाऱ्या एकानं तीन बॅटऱ्या आडव्या करून त्यांतलं आम्ल वहाळात सोडलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या वहाळाचं पाणी खाली कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, जातं. आता वाड्यावरच्या जुन्या बॅटऱ्या मी स्वतः स्कूटरवर घालून दुकानात नेतो. उभ्याच ठेवतो, आडव्या नाही, आणि पावती घेतल्याशिवाय निघत नाही.